आत्याचा साळुता आणि माझा कॅमेरा

पहिलं नाव आत्याचं. खरं नाव लिहिणार नाही, कारण तिनंच बजावलंय, "माझ्यावर लिवायचं तर लिव, पर नाव घालू नगंस. त्या नावाच्या गावात चौघी हाईत. उगंच भांडणं लागतील." म्हणून नुसती आत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत माहेरी परत आली आणि तेव्हापासून तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये निवडणीला जाते. जाळ्यांवर वाळवलेल्या बेदाण्यातून काड्या आणि काळे दाणे वेगळे काढायचे, हे तिचं काम. मी दहावी झालो तेव्हा घरच्यांनी मला त्याच शेडवर लावायचं ठरवलं होतं. आत्या एकच वाक्य बोलली, "ह्याला जाळीवर वाळवायचा न्हाई." आणि मी कऱ्हाडच्या कॉलेजात गेलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या एका वाक्यातून निघाला.

आत्या स्वतः वाचायला शिकली ती चाळिशी ओलांडल्यावर. मी तेव्हा सातवीत होतो. वस्तीतल्या विहारात साक्षरतेचा वर्ग सुरू झाला, आणि वर्गात जे राहील ते मी घरी शिकवायचो. ती ओळीवरून बोट फिरवायची ते बेदाणे निवडल्यासारखंच. ओळखीचा शब्द आला की पुढं सरकवायची, नाही आला की चिमटीत धरून ठेवायची. मी हॉस्टेलला निघालो तेव्हा तिनं अट घातली, "फोन करू नगंस. फोनवरचं वाऱ्यावर जातंय. कागद कवाबी परत वाचता येतो. मोठं अक्षर काढ, आन् एका वळीत पाचच शब्द." ती अट मी आजही पाळतो. आता मी मेढ्याच्या एका शाळेत संगणक शिकवतो. तिथून महिन्याला दोन पत्रं जातात, मोठ्या अक्षरात, एका ओळीत पाच शब्द.

आता साळुत्याचं सांगतो. साळुता म्हणजे आमच्याकडची केरसुणी, आणि झाडायला आम्ही लोटणं म्हणतो. दर बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून कऱ्हाडला जातात. तिथून पुढं चालत आगाशिवाच्या डोंगरावर, लेण्यांकडे. बाकीच्या जणींच्या पिशवीत मेणबत्त्या, फुलं, दशम्या. आत्याच्या काखेत साळुता. एकदा एसटीच्या कंडक्टरनं विचारलं होतं, "मावशी, साळुत्याचं अर्धं तिकीट फाडू का?" आत्या म्हणाली, "आधी तुमची गाडी लोटून घेऊ का? शेंगांची टरफलं बघा सीटखाली किती हाईत." सगळी गाडी हसली होती.

वर गेल्यावर इतर जणी वंदना घेतात, बसतात, फोटो काढतात. आत्या आधी पाच लेणी लोटते. लेणी तिथं पुष्कळ आहेत, बरीचशी साधी, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या, दगडी ओटे असलेल्या. आत्यानं त्यातली पाच धरली आहेत. पाच शीलं, पाच लेणी. पाच लोटून झाल्याशिवाय ती बसत नाही आणि पाणीही पीत नाही. मी लहानपणी विचारलं होतं, तू फूल का वाहत नाहीस? ती म्हणाली, "फूल वाळतंय, मेणबत्ती वितळतीय. लोटल्याली जागा दुसऱ्याला बसायला हुती." सोळा वर्षं तिनं एकही पौर्णिमा चुकवली नव्हती.

यंदा चुकली. गुडघे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं आणि वर हेही सांगितलं की त्यानंतर डोंगर विसरायचा. आत्यानं ते मला फोनवर सांगितलं. तिनं फोन केला, यावरूनच मला कळलं की गोष्ट साधी नाही. "ऑपरेशन आषाढी पुनवंनंतर हाय," ती म्हणाली. "भिक्खू लोक वर्षावासाला तीन म्हैनं बसत्यात, तशी मीबी बसंन. पर यंदाची पाच लेणी व्हायला पायजेत रं. ती ऱ्हायली तर मी टेबलावर पडल्या पडल्या त्येच मोजत बसंन. माझ्या जागी तू जा."

मी हो म्हणालो, आणि खरं सांगायचं तर आनंदानं उडालोच. त्याला एक कारण होतं.

त्याच्या दोन-तीन महिने आधी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी सांगलीला गेलो होतो. मधल्या सुट्टीत चहा शोधताना शेजारच्या इमारतीत एक प्रदर्शन लागलेलं दिसलं. आत एक काळोखी खोली होती आणि तिच्या तीन भिंतींवर व्हिडिओ चालू होता. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. कारण दिसत होती फक्त जमीन, आणि जमिनीवरून सरकत जाणारी माणसांची सावली. दारातल्या पाटीवर लिहिलं होतं की कलाकार बाई बौद्ध तीर्थस्थळांच्या वाटेवर यात्रेकरूंबरोबर चालल्या आणि त्यांनी फक्त सावल्या टिपल्या. त्याच पाटीवर मी आयुष्यात पहिल्यांदा वाचलं: व्हिडिओ आर्ट. मी कॉलेजच्या तिन्ही वर्षांच्या सुट्ट्यांत तासगावच्या एका स्टुडिओत लग्नाच्या कॅसेटी बनवल्या होत्या. आता सगळं पेनड्राइव्हवर देतात, पण आमच्याकडं त्याला अजून कॅसेटच म्हणतात. कॅमेऱ्यानं नवरा-नवरीशिवाय दुसरं काही करता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी त्या खोलीत खाली बसलो. एक सावली काठी टेकत जायची, एक मूल कडेवर घेतल्यामुळे जाड झालेली असायची. बघता बघता मला प्रत्येक सावलीचा माणूस दिसायला लागला. दारातला शिपाई दोनदा आत येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "सर, ह्येच परत परत लागतंय."

"लागू द्या," मी म्हणालो.

दुपारचं प्रशिक्षण बुडालं. मेढ्याला परत जाताना एसटीच्या खिडकीतून मी सगळ्या प्रवासभर सावल्याच बघत होतो. आणि तेव्हापासून डोक्यात एकच होतं: आत्याची लेणी. म्हणून आत्यानं जायला सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता मी असा व्हिडिओ करणार की ऑपरेशनच्या आधी आत्याला घरबसल्या पाचही लेणी दिसतील.

बुद्धपौर्णिमेला पहाटेच्या गाडीनं तासगावाहून निघालो. आत्यानं दारात साळुता हातात दिला. मी कॅमेऱ्याची बॅग पाठीला, स्टँड खांद्याला आणि साळुता काखेत, असा बायकांच्या मागून डोंगर चढलो. आणि वर जाऊन मी काय केलं? जे मला येत होतं तेच केलं. स्तूपाभोवती फिरत शॉट घेतला. दाराच्या चौकटीतून खालचं खोरं, उसाची हिरवी शेतं, नदीची चकाकणारी रेघ. वंदना घेणाऱ्या बायकांचे जोडलेले हात अगदी जवळून. तिसऱ्या लेण्यात ऊन तिरकं आत येत होतं. तिथं मी साळुता भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्यावर हळूहळू कॅमेरा नेला. तो शॉट इतका सुंदर आला की मी स्वतःशीच शाबास म्हणालो.

चार दिवस बसून जोडणी केली, जुन्या सवयीनं, जुन्याच साच्यात. मग आत्याच्या घरी टीव्हीला जोडून वस्तीतल्या बायकांना बोलावलं. सुरुवात झाली आणि पहिल्याच बदलाला वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. लग्नाच्या कॅसेटींचा साचा! त्यात प्रत्येक दृश्य बदलताना पाकळ्या पडतात, हे मी बघून बघून इतका सरावलो होतो की मला त्या दिसेनाशाच झाल्या होत्या. पाकळ्या पडत राहिल्या. दुसऱ्या लेण्यातून तिसऱ्या लेण्यात जाताना दोन बदाम उडत आले आणि एकमेकांत अडकले.

"आगं बया," मागून कुणीतरी म्हणालं, "नवरा कोन आन् नवरी कोन?"

"नवरा डोंगार!"

"मंग वरमाय आपली आत्या!"

शेवटी स्तूपावर सोनेरी अक्षरं झळकली, नवदांपत्यास हार्दिक शुभेच्छा, आणि बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. मीही हसलो, दुसरं करणार काय! हसली नाही ती फक्त आत्या. सगळ्या गेल्यावर म्हणाली, "तिसरं लेणं परत लाव."

मी लावलं. भिंतीला टेकवलेला साळुता आला.

"ह्यो माझा साळुता न्हवं?"

"व्हय."

"असा हुबा का केलाय?"

"शॉट चांगला आला, आत्या."

"आन् लोटलंस का?"

खरंच सांगतो, त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कॅमेरा लावणं, ऊन गाठणं, बायकांना जरा सरका म्हणणं, यात मी एकही लेणं झाडलं नव्हतं. साळुता वर नेला आणि तसाच खाली आणला होता.

आत्यानं टीव्हीवर बोट ठेवलं. "ह्ये बघ, शेळीच्या लेंड्या. ह्यो वेफरच्या पुडीचा कागद. लय ब्येस काढलायस बाबा, कागदसुदिक चकाकतोय." मग जरा थांबून म्हणाली, "तुला बघायला न्हवतं धाडलं. लोटायला धाडलं हुतं."

वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण मेढ्याच्या गाडीत बसल्यावर त्या वाईट वाटण्याच्या खालून भलतंच काहीतरी उसळी मारायला लागलं. सांगलीच्या त्या बाई यात्रेकरूंचे फोटो काढत उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या चालल्या होत्या. म्हणूनच त्यांना सावल्या सापडल्या. आणि मी चाललो नव्हतो, लोटलंही नव्हतं. मी फक्त वर जाऊन आलो होतो. मला इतकं स्पष्ट, इतकं लख्ख कळलं की सातारा स्टँडवर उतरायचं विसरलो आणि गाडी डेपोत निघाल्यावर ड्रायव्हरनं ओरडून उतरवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडायच्या आत, मी पुन्हा डोंगरावर गेलो. एकटाच. कॅमेरा, स्टँड, साळुता. ह्या वेळी नियम ठरवला: लेण्यात शिरायचं, कॅमेरा एका जागी ठेवून चालू करायचा, आणि मग त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. लेणं लोटून होईपर्यंत एकच दृश्य. कापायचं नाही, जोडायचं नाही. पाकळ्या तर नाहीतच!

लेणं झाडणं वाटतं तितकं सोपं नाही. दगड खडबडीत असतो, धूळ खाचांतून निघत नाही. पहिल्या लेण्यात मी दहा मिनिटांत घामाघूम झालो. आत्या कंबरेत वाकून सलग पाच लेणी कशी करायची, ते तेव्हा कळलं. दुसऱ्या लेण्यात मला तिची लय सापडली. तीन फटके लांब, एक आखूड. मी तो आवाज लहानपणापासून रोज सकाळी अंथरुणात ऐकला होता! हातानंच तो ओळखला.

तिसऱ्या लेण्यात शेळ्या बसल्या होत्या. त्यांच्यामागून एक म्हातारे मेंढके आले आणि माझा सगळा अवतार बघत उभे राहिले.

"पंचायतीचं हाईसा का?"

"न्हाई."

"मंग पुरातत्त्वाचं?"

"न्हाई."

"आवं मंग कुणाचं?"

"आत्याचा," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं.

म्हाताऱ्यांनी साळुत्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "त्या साळुत्यावाल्या बाईंचं भाचं व्हय तुमी? यंदा पुनवंला दिसल्या न्हाईत त्या." मी गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी जीभ चुकचुकवली, आणि काठीनं शेळ्यांना हाकलत म्हणाले, "चला गं बायांनो, उठा. बाईंचा भाचा लोटायला आलाय."

त्या लेण्यात ऊन होतं. पहिल्या फटक्याबरोबर धूळ उठली आणि उन्हाच्या पट्ट्यात शिरली, आणि शिरल्या शिरल्या तिचं सोनं झालं. मी थांबलो नाही. नियम होता. पण लोटता लोटता डोळ्यांच्या कडेनं दिसत होतं की माझ्या प्रत्येक फटक्याला उजेडाला आकार येतोय. मला ओरडावंसं वाटत होतं. पाचवं लेणं झालं तेव्हा दुपार कलली होती. मी पाणी प्यायलो. आत्याच्या नियमानं, पाचव्यानंतर.

हे दाखवायचं कुठं? टीव्हीवर नाही, एवढं पक्कं होतं. शाळेचा प्रोजेक्टर मुख्याध्यापकांनी शनिवार-रविवारसाठी दिला. मांडीवर घेऊन मेढा, सातारा, कऱ्हाड, तासगाव असा तीन गाड्यांतून आणला, तान्हं मूल आणावं तसा. काळोखी मोठी जागा हवी होती, आणि ती आत्याच्या रोजच्या वाटेवरच होती: बेदाण्याची शेड. पावसाळ्यात शेड रिकामी असते. बाजूच्या ताडपत्र्या सोडल्या की भरदिवसा आत काळोख.

शेडचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, फौजेतून निवृत्त झालेले. बाग सांभाळतात तीही परेड घेतल्यासारखी. मी भीत भीत विचारलं.

"पिक्चर दावणार?"

"पिक्चर न्हाई आप्पा. लेणी लोटतानाचं."

"म्हंजी झाडलोट?"

"व्हय."

आप्पांनी माझ्याकडे आणि मग आत्याकडे बघितलं. "बाई, एवढं ग्रॅज्युएट केलंसा पोरगं, आन् ते झाडलोटीचं पिक्चर काढतंय."

"तुमच्या शेडीत आप्पा, बावीस वर्सं मीच लोटतीया," आत्या म्हणाली. "त्येचं कुणी काढलं न्हाई म्हनून तुमाला ठावं न्हाई."

आप्पा मोठ्यानं हसले. "घ्या शेड. पर दोन वाजता म्हंजी दोन वाजता. फौजेचा टाइम."

पडद्यासाठी मी पांढरी चादर आणली होती. ती बांधायच्या आधी सहज तपासावं म्हणून प्रोजेक्टर चालू केला, आणि उजेड पडला तो शेडच्या जाळ्यांवर. हंगाम संपल्यावर धुऊन एकामागे एक टांगून ठेवलेल्या, वापरून वापरून पांढरट पडलेल्या, बेदाणा वाळवायच्या जाळ्या. चित्र पहिल्या जाळीवर उमटलं, आरपार गेलं, दुसरीवर जरा पुसट, तिसरीवर आणखी पुसट, असं सहाव्या जाळीपर्यंत. एकाच लेण्याच्या मागे लेणं, त्याच्या मागे लेणं! मी चादर गुंडाळून पिशवीत टाकली.

रविवारी दोन वाजता आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली, एक पाय उलट्या क्रेटवर लांब करून. बायका ताडपत्रीवर. आप्पा मागे, उभे. मी प्रोजेक्टर सुरू केला. खर्र, खर्र, खर्र, खस्. आवाजानं सुरुवात झाली आणि लगेच सूचना सुरू झाल्या.

"आरं, साळुता उलटा धरलायस!"

"भितीकडनं दाराकडं लोट की. भायेरनं आत काय लोटतोयस?"

"कंबर बघ कशी वाकीवलीय, मास्तराची हाय म्हणून कळतंय."

दुसऱ्या लेण्यात माझ्या हाताला लय आली आणि सूचना कमी झाल्या. तिसऱ्या लेण्यात धूळ उठली. ती पहिल्या जाळीवरून दुसऱ्या जाळीवर गेली, तिथून तिसऱ्या, आणि सगळी शेड त्या सोनेरी धुळीनं भरल्यासारखी झाली. एका म्हातारीनं खरोखर पदर नाकाला लावला. मला आठवतंय ते इतकंच, की मी व्हिडिओकडे बघतच नव्हतो. मी आत्याचा उजवा हात बघत होतो. खुर्चीच्या दांडीवर तो हलत होता. तीन लांब, एक आखूड.

पाचवं संपलं. आप्पांनी ताडपत्री वर केली. बायकांनी आत्याकडे बघितलं, मीही बघितलं. झाली यंदाची पाच लेणी, असं ती म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. तिनं बोटं मोजली, काहीतरी पुटपुटली, आणि मला जवळ बोलावलं.

"ब्येस लोटलंयस. खरंच ब्येस. पर मला एक सांग. कॅमेरा कुठं ठेवला हुतास?"

"कोपऱ्यात. तिथनं सगळं लेणं दिसतंय."

"पाचीबी लेण्यात?"

"व्हय."

"मंग त्यो कोपरा कुणी लोटला?"

पाच लेणी, पाच कोपरे. स्टँडचे तीन पाय जिथं होते ती जागा चित्रात कुठंच नव्हती, आणि म्हणून माझ्या साळुत्यातही आली नव्हती. सबंध शेडमध्ये ते फक्त तिला दिसलं होतं. जे दिसत नव्हतं ते!

"आसूंदे," आत्या म्हणाली. "तेवढं ऱ्हायलं. न्हाई म्हंजी लय केलंयस तू, लेका." आणि हसली. पण बोटं पुन्हा मोजायला लागली होती, ती मी बघितली. ऑपरेशन आठ दिवसांवर होतं.

सोमवारची रजा टाकली. कऱ्हाडला उतरलो, प्रोजेक्टर कॉलेजातल्या एका जुन्या मित्राच्या घरी ठेवला. कॅमेराही तिथंच ठेवला. मित्र म्हणाला, "अरे, डोंगरावर चाललास आणि कॅमेरा नको?" मी म्हणालो, त्याची जागा लोटायची आहे, त्याला कसा नेऊ? त्याला काही कळलं नाही. पाऊस भुरभुरत होता. मी साळुता काखेत मारला आणि निघालो. इतक्या उत्साहानं मी आयुष्यात कधी डोंगर चढलो नाही.

संध्याकाळी कऱ्हाड स्टँडवर बसून आत्याला पत्र लिहिलं, आणि शेजारच्या पेटीत टाकलं. ते असं, फक्त इथं ओळी सलग केल्यात:

आत्या,

मी आज परत डोंगरावर गेलो. कॅमेरा नेला नाही. त्यामुळे हे तुला दाखवता येणार नाही. वाचूनच मानावं लागेल.

पहिल्या लेण्यातला कोपरा लोटला. तिथं कोळ्याचं जाळं होतं. ते राहू दिलं. तू ठेवतेस तसं.

दुसऱ्या लेण्यात स्टँडच्या पायांच्या खुणा होत्या. धुळीत तीन गोल ठिपके. ते पुसले.

तिसऱ्या लेण्यात माझ्याच बिस्किटाचा कागद सापडला. मला लाज वाटली. तो खिशात घातला. अजून खिशातच आहे.

चौथ्या लेण्यात मेंढके आजोबा पावसाचे थांबले होते. ते त्याच कोपऱ्यात बसले होते. मी म्हणालो, जरा उठता का? ते उठले. लोटून झाल्यावर परत तिथंच बसले. तुझी जागा दुसऱ्याच्या कामी आली.

पाचव्या लेण्यात पाणी साठलं होतं. साळुता चालेना. मग हातानं पाणी बाहेर काढलं. कोपरा ओला आहे. पण स्वच्छ आहे.

मग मी पाणी प्यायलो.

आजोबांनी विचारलं, बाई परत कधी येणार? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी पुनवेला तुम्ही या. मी हो म्हणालो. तुला न विचारता म्हणालो. साळुता मेढ्याला नेतोय. रागावू नकोस.

आता मोजू नकोस. पाच झाली.